म्हात्रे मामांच्या भिंतीतलं पाणी

पाण्याची टाकी कधी आतून धुतली आहे का तुम्ही? वरून पाहिलं तर पाणी इतकं नितळ, की आपलाच चेहरा दिसावा. खाली हात घातला की मनगटभर गाळ. तो कोणी आणून टाकलेला नसतो. रोज चिमूटभर बसत जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आमच्या लॅबमधल्या किश्श्यांचं असंच झालंय. ठरवून कोणी काही सांगत नाही. दुपारचा चहा येतो, पंखा गरगरत असतो, बाहेर खाडीवर ऊन पसरलेलं असतं, आणि कोणीतरी म्हणतं, "ते हिरवं पाणी आठवतंय?" झालं! पुढचा तास गेला.

आमची लॅब कल्याणच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात, तळमजल्यावर, अगदी मागच्या बाजूला. दारावरच्या पाटीवर भलं मोठं नाव आहे, पण कॉलेजभर आम्हाला 'पाणीवाले' म्हणतात. इमारतींचं आणि पाण्याचं एकमेकांशी कसं जमतं, आणि जमत नाही तेव्हा काय होतं, हा आमच्या संशोधनाचा विषय.

माणसं चारच. केळकर सर आमचे प्रमुख. ठाण्याला राहतात, निवृत्तीला आलेत, आणि समोरचा बोलायला लागला की डोळे मिटून घेतात. नव्या माणसाला वाटतं सरांना झोप लागली. मग ते डोळे न उघडता त्याची चूक दाखवतात. स्नेहल कांबळे मोहन्याची, पीएचडी करते, कामाला वाघ पण भारी घाईची. तिसरी मी, मानसी, कळव्याची. माझं काम मोजमापं घेणं, आणि माझा दोष असा की मोजता मोजता माझी तंद्री लागते. आणि चौथे म्हात्रे मामा, आमचे लॅब असिस्टंट. डोंबिवलीचे, जुन्या आगरी घरातले, शाळा आठवीपर्यंत. पण लॅबमधली कुठली वस्तू कुठे आहे आणि कुठला आकडा चुकलाय, हे त्यांना न बघता कळतं.

आता सांगते ते सगळे किस्से एका वर्षातले. आणि खरं सांगायचं तर सगळे मामांच्या घराभोवतीच फिरतात. कारण ते घर राहणार की जाणार, हे त्या वर्षी आम्हाला सांगायचं होतं.

*

सुरुवात मामांच्या डब्यापासून झाली.

एका सोमवारी जेवायला बसलो. मामांनी डबा उघडला तर वरच्या कप्प्यात पांढऱ्या रंगाचा एक जाडसर तुकडा. स्नेहलला वाटलं नारळाची वडी. मामी वड्या फार छान करतात, त्यामुळे तिने विचारायच्या आधीच हात घातला.

"खाऊ नको," मामा शांतपणे म्हणाले, "भिंत हाय ती."

मामींनी पाठवली होती. पलंगामागच्या भिंतीचा गिलावा रोज थोडा थोडा पडत होता, त्यावर पांढरी पूड धरत होती, आणि मामींचं म्हणणं असं की तुम्ही दिवसभर लोकांच्या भिंती तपासता तर एकदा आपलीही नेऊन दाखवा. खालच्या कप्प्यात भाकरी आणि सुकटीची चटणी होती. दोन्ही एकाच डब्यातून आलं यात मामांना काही वावगं वाटलं नव्हतं.

सरांनी तो तुकडा घेतला. नाकाजवळ नेला. डोळे मिटले. आणि आमच्या डोळ्यांदेखत जिभेला लावला! बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मला तर वाटलं आता ते त्या भिंतीतून चालत कुठेतरी दूर गेलेत.

"मिठाची चव नाही," शेवटी ते म्हणाले. "कडवट आहे. म्हणजे हे खाडीचं पाणी नव्हे."

स्नेहलने तोच तुकडा रीतसर तपासला. दोन दिवस लागले. उत्तर तेच आलं. ती जरा हिरमुसली तेव्हा सर म्हणाले, "दोन दिवस लागायचेच गं. तू चव घेत नाहीस ना."

मामांची इमारत चार मजल्यांची, सोळा घरांची. ती उभी आहे ती जागा म्हणजे मामांच्या वडिलांचं शेत. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात तळमजल्यावर एक घर दिलं, आणि मामा आपल्याच शेतात भाड्याशिवाय राहायला आले, असं ते स्वतः हसत सांगतात. आता त्या इमारतीच्या भिंती खालून ओल्या होत होत्या आणि तडे जात होते. सोसायटीने कॉलेजला पत्र दिलं. प्रश्न सरळ होता. एखादा पाइप फुटून पाणी मुरत असेल तर तो दुरुस्त करून इमारत वाचेल. पण पाणी जमिनीतूनच वर येत असेल आणि त्याने पाया खचत असेल, तर सोळाही घरं रिकामी करावी लागतील.

सरांनी मामांना समोर बसवून सांगितलं, "म्हात्रे, आम्हाला जे दिसेल तेच लिहावं लागेल."

मामांना या वाक्याचं आश्चर्यच वाटलं. "मंग दुसरं काय लिवनार, सर?"

*

पायाजवळ खड्डा खणून आम्ही तिथलं पाणी आणलं. चहासारखं मातकट पाणी. ते सहा उंच जारमध्ये भरलं आणि गाळ बसायची वाट बघत बसलो. गाळ किती वेळात बसतो यावरून खालची माती कशी आहे ते कळतं. हे काम जगातलं सगळ्यात संथ काम आहे. हलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही, जोरात बोलायचं नाही. फक्त बघायचं. पाण्यातला मातीचा कण न् कण इतक्या सावकाश खाली येतो की बघणाराही हळूहळू आपल्या खुर्चीत खाली जातो. मला त्या दिवशी चक्क असं वाटायला लागलं की आपणच जारमध्ये आहोत आणि बाहेरून कोणीतरी आपल्याकडे बघतंय.

तर बघत होतंच! कॉलेजची तपासणी करणाऱ्या समितीचे तीन सभासद दारात उभे होते. आम्ही ते यायचे आहेत हे पार विसरलो होतो. चार माणसं सहा जारांसमोर मूर्तीसारखी बसलेली बघून त्यांनाही आत यावं की नाही कळेना.

त्यातल्या एकाने दबक्या आवाजात विचारलं, की काय चाललंय. सरांनी मान न वळवता बोटाने खुर्च्या दाखवल्या. ते तिघे बसले. आधी घड्याळ बघत होते. मग त्यांनी घड्याळ बघायचं सोडलं. एकाने बूट सैल केले. अर्ध्या-पाऊण तासाने त्यांच्यातल्या सगळ्यात करड्या चेहऱ्याच्या गृहस्थांनी एक लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "लहानपणी आमच्या गावच्या नदीला असंच पाणी असायचं."

बाकीच्या विभागांची तपासणी करायला त्यांना वेळच उरला नाही. त्यांच्या अहवालात आमच्या लॅबबद्दल एकच ओळ होती: 'वातावरण संशोधनास पोषक.' यंत्रांबद्दल एक अक्षर नाही!

*

मग पाइप तपासायची वेळ आली. जमिनीखालची गळती ऐकायचं एक नवं यंत्र आमच्याकडे नुकतंच आलं होतं. त्याला हेडफोन, स्क्रीन, आणि जमिनीवर ठेवायचा एक चकचकीत गोल. स्नेहलने त्याचं पुस्तक पाठ केलं होतं. मामांकडे एक लोखंडी सळई होती, खांद्याइतकी उंच. तिचं एक टोक जमिनीवर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. पाणी सोडणारे जुने लोक अशीच गळती शोधायचे.

इमारतीच्या आवारात सकाळी दोघं निघाली. स्नेहल पुढे, हेडफोन लावून, आणि मामा मागे, सळई टेकवत. यंत्र पाण्याच्या टाकीपाशी ओरडलं. मामा गेटपाशी थांबले, डोळे मिटून सळईला कान लावला आणि जवळजवळ डुलकीच घेतली. आवारात बघ्यांची गर्दी झाली होती. कोणी टाकीच्या बाजूने, कोणी गेटच्या बाजूने. स्नेहल म्हणाली, "मामा, यार, मशीन खोटं बोलेल का?"

दोन्ही जागी खणलं. टाकीपाशी पाइप ठणठणीत कोरडा. गेटपाशी बारीक गळती, अगदी मामांच्या सळईखाली. स्नेहलचं तोंड एवढंसं झालं. मामांनी मात्र यंत्राचीच बाजू घेतली. "मशीनचा काय दोष नाय," ते म्हणाले. "नवीन हाय ती. इकडच्या पान्याशी तिची अजून ओलख नाय."

गळती बुजवली. सोसायटीने आम्हाला वडापाव दिले. मामी एका शेजारणीला सांगत होत्या की आता भिंत वाळेल. आम्हालाही तसंच वाटत होतं. मी तर परत येताना खिडकीतून बाहेर बघत अख्खी इमारत रंगवूनसुद्धा टाकली, फिकट पिवळी, हिरव्या कठड्यांची. तीन आठवड्यांनी भिंत होती तशीच ओली होती.

*

तोवर तड्यांवर काचा लावून झाल्या होत्या. यात काही मोठं तंत्र नाही. तड्यावर आडवी एक पातळ काचपट्टी चिकटवायची. तडा जुना, थांबलेला असेल तर काच शाबूत राहते. वाढत असेल तर तुटते. आम्ही घराघरांत मिळून बऱ्याच काचा लावल्या आणि सगळ्यांना बजावलं, की हात लावायचा नाही.

हात कोणी लावला नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या सावंत वहिनींच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते, आणि बैठकीच्या खोलीत नेमका समोरच तडा, त्यावर काच. वहिनींनी त्यावर कॅलेंडर टांगलं. पंचाईत एवढीच, की तडा गुडघ्याच्या उंचीवर होता. त्यामुळे कॅलेंडरही गुडघ्याच्या उंचीवर!

मुलगा ठाण्यात एका बांधकामावर साइट इंजिनीअर होता. पोह्यांची बशी हातात घेऊन तो सारखा त्या कॅलेंडरकडे बघत होता. मोठी माणसं गावच्या, नात्यातल्या गोष्टी काढत होती. शेवटी त्याला राहवेना. त्याने बशी खाली ठेवली, उकिडवा बसला आणि कॅलेंडर वर उचललं. वहिनी सांगतात, त्यांना तेव्हा जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"काच लावलीय, पण वर तारीख नाही," मुलगा म्हणाला. "तारखेशिवाय काय कळणार?"

आतून, स्वयंपाकघराच्या दारातून, मुलीचा आवाज आला. "तारीख आहे. शेजारी पेन्सिलने लिहिलीय. दर रविवारची नोंदही आहे."

त्याने वाकून बघितलं. खरंच होती. स्वच्छ अक्षरात, ओळीने. लग्न त्याच दिवशी ठरलं. त्यानंतर तो दर रविवारी काच बघायला यायचा, आणि त्या तड्याइतकी बारकाईने नोंद ठेवलेला दुसरा तडा आमच्या अख्ख्या प्रकल्पात नाही.

ती काच शाबूत राहिली. तळमजल्यावरच्या दोन तुटल्या. त्यातली एक मामांच्या पलंगामागची. मामी एकट्याच होत्या, दुपारी आडव्या झाल्या होत्या, आणि त्यांना ती तुटताना ऐकू आली. त्यांनी मामांना फोन केला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर नुसतं बोट दाखवलं.

*

आता ते हिरवं पाणी.

मुख्य पाइप नाही, तर घरांमधल्या पाइपांतून पाणी मुरत असेल, अशी शेवटची आशा होती. त्यासाठी वापरायच्या पाण्याच्या टाकीत एक निरुपद्रवी हिरवा रंग टाकतात. घरातला कुठलाही पाइप गळत असेल तर भिंतीत रंग उतरतो. मामांच्या भिंतीवर आम्ही पांढऱ्या कापडाची एक पट्टी टाचली. हिरवी झाली तर घर वाचलं. इतकं सोपं होतं. सरांनी माप सांगितलं: टाकीला एक डबी, जास्त नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. कापड ओलं, पण पांढरंच. मी ठाण्याच्या गाडीची वाट बघत उभी असले तरी मला तेच कापड दिसायचं. सगळं जग हिरवं असावं आणि मधोमध तेवढं पांढरं, असं काहीतरी.

चौथ्या दिवशी सकाळी सोसायटीचा फोन आला, की ताबडतोब या. आम्ही गेलो. गटार पोपटी. रस्त्यापर्यंत पोपटी. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा पांढरा बनियन पोपटी, आणि आवारातली पांढरी मांजर, जी कुठल्यातरी न्हाणीघरात जाऊन बसली असावी, तीही चारही पायांनी पोपटी. येणारे जाणारे थांबून बघत होते. एका डबीने एवढं होणं शक्यच नव्हतं.

लॅबमध्ये परत आलो. चहा आला. मग सर डोळे मिटून म्हणाले, "मी परवा जाता जाता एक डबी जास्त टाकली."

स्नेहलने मान खाली घातली. "सर, मीपण. मला वाटलं कमी पडतोय रंग."

मी दोन टाकल्या होत्या. दोन वेगवेगळ्या दिवशी. माप म्हणजे माप, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते, आणि त्या दिवशी मला फक्त ते कापड हिरवं व्हायला हवं होतं. आम्हा तिघांनाही तेच हवं होतं. तिघांनी एकमेकांपासून लपवून केलं एवढंच.

मग आम्ही मामांकडे बघितलं. ते कप धूत होते.

"मी नाय टाकली," ते म्हणाले. "मना खरं बगायचं व्हतं."

कापड खिशातून काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. पांढरं स्वच्छ. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

*

मग पाणी येतं तरी कुठून? सरांनी नकाशे काढले. मी जमिनीच्या उंचसखलपणाच्या लेव्हल घेतल्या. स्नेहलने एक दिवस सरळ मामांनाच विचारलं, की तुमचंच शेत ना, तुम्हाला काय वाटतं.

मामांनी आम्हाला इमारतीच्या मागच्या भागाखाली, खांबांमधल्या पार्किंगमध्ये नेलं. दुपारची वेळ. सगळं सुस्त, कोणाच्या तरी घरातून भांड्यांचा आवाज. मामा चालायला लागले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते सरळ चालत नाहीत. थोडं पुढे, मग डावीकडे, मग स्कूटरच्या रांगेला वळसा घालून परत उजवीकडे. समोर मोकळी जागा असतानाही. सोसायटीतले लोक म्हणायचे की म्हात्रेंनी कसला तरी नेम धरलाय. नेम कसला! ते बांधावरून चालत होते. शेतातून कसं चालायचं, रोप तुडवलं जाईल ना. इमारत उभी राहून इतकी वर्षं झाली, तरी मामांनी एकदाही शेतात पाय घातला नव्हता.

आम्ही त्यांच्या मागोमाग, एकामागे एक, बांधावरून. स्नेहलसुद्धा, जिला दोन मिनिटं सावकाश चालता येत नाही. मामा सांगत होते. इथे भाताची रोपं करायचे. इथे म्हशी बसायच्या. हा तुकडा उंच, हा सखल. बोलता बोलता पार्किंग विरघळल्यासारखं झालं. मला शपथेवर सांगायला लावलं तर मी सांगेन की माझ्या पायांना गार लागत होतं.

एका खांबापाशी ते थांबले. "भात निघालं का बाप इथं वाल टाकायचा. वरून पानी द्यायला लागत नसं. थंडी सरेपर्यंत जमीन ओलीच."

"का?" मी विचारलं.

"खाली झरा हाय ना." त्यांनी असं सांगितलं, जसं शेजारच्या घरात कोण राहतं ते सांगावं.

स्नेहल त्यांच्याकडे बघत राहिली. "मामा, हे आधी का नाही बोललात?"

"तुमी पाइपाचं विचारलं. शेताचं कोनी विचारलं नाय." मग खांबावर हात ठेवून ते म्हणाले, "आनि मना वाटलं, मुजला असंल. येवरी वर्षं झाली."

आठवड्याने तिथे जमिनीत नळी उतरवली. पुरुषभर खाली गेल्यावर पाणी आलं. मातकट नाही, अगदी नितळ. मामांनी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान डोलावली. स्नेहलने या वेळी बाटली भरायच्या आधी स्वतः एक थेंब जिभेवर ठेवला.

*

पण झरा आहे म्हणून घर जातंच असं नाही. कितीतरी इमारती झऱ्यांवर सुखाने उभ्या असतात. प्रश्न एकच उरला होता: इमारत कलतेय का? त्यासाठी सरांनी सगळ्यात जुनी रीत निवडली. ओळंबा. गच्चीवरून तळापर्यंत दोरी सोडायची, टोकाला पितळी लंबक. वाऱ्याने तो झुलत राहू नये म्हणून खाली पाण्याने भरलेली बादली ठेवायची आणि लंबक त्यात बुडवायचा. बादलीच्या वर, दोरीला लागून, एक फळी. फळीवर सरांनी हिशेब करून लाल रेघ मारली. दोरी रेघेच्या आत राहिली तर पाया भक्कम करून इमारत राहील. रेघेच्या पलीकडे गेली तर घरं रिकामी. हे सगळ्यांना आदल्या दिवशी समजावून सांगितलं होतं, त्यामुळे शनिवारी सकाळी सोळाही घरं खाली हजर होती. मामी तुळशीच्या कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. सावंतांचा होणारा जावईसुद्धा आला होता.

नेमका त्या दिवशी वारा पडलेला. पान हलत नव्हतं. स्नेहल गच्चीवर दोरी धरून. मी वहीत लिहायला. मामा बादलीपाशी उकिडवे, एक हात बादलीच्या कडेला. खड्ड्यातलं पाणी भरलं होतं, चहाच्या रंगाचं, त्यामुळे लंबक आत गेला की दिसेनासा झाला. दोरी थोडी फिरली, थोडी डोलली, आणि हळूहळू शांत होत गेली. आपण सगळेच त्या दोरीला टांगलेले आहोत असं मला वाटत होतं.

दोरी थांबली. रेघेच्या आत. जेमतेम, पण आत.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वाकून बघितलं. त्यांचा आवाज जरा वेगळाच आला. "आत आहे," ते म्हणाले. "मानसी, लिही."

मी लिहिलं. मागे एकदम कल्ला झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी रडायला लागलं. सावंत वहिनींनी मामींना मिठी मारली. मामी हसत होत्या, पदराने डोळे टिपत होत्या, आणि मामांकडे बघत होत्या.

मामा उठले नव्हते. त्यांचा हात अजून बादलीवर होता. ते कसलीतरी बारीक चाहूल घेत असल्यासारखे बसले होते. मग त्यांनी वर सरांकडे बघितलं. सर दुसरीकडे बघत होते.

मामांनी दोन्ही हातांनी बादली धरली आणि वीतभर बाजूला सरकवली.

आतमध्ये लंबक बादलीच्या कडेला टेकला होता. तो सुटला. दोरी थरथरली आणि सावकाश, अगदी सावकाश, लाल रेघेवरून पलीकडे गेली. तिथे थोडा वेळ झुलली. आणि थांबली.

ज्यांना दिसलं त्यांच्या टाळ्या थांबल्या, आणि मग ज्यांना दिसलं नव्हतं त्यांच्याही. लंबक कडेला टेकलाय हे सरांना आधी कळलं होतं का, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. मामांनी माझ्या हातातली वही घेतली, मी लिहिलेल्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, खाली नवा आकडा लिहिला, तारीख घातली आणि वही सरांपुढे सहीसाठी धरली.

सरांनी सही केली. मामांनी ओले हात पँटला पुसले.

"सर," ते म्हणाले, "अर्ध्या दिसाची रजा भेटंल का? दिवा टेसनाजवल एक भाड्याची खोली बगून यायची हाय."